कुंदाआत्याचे दोन रकाने

रोज सकाळी पावणेनऊला कुंदाआत्या कारखान्यात पोचली की आधी मागांजवळ जायची. चपला दाराशी, डबा खिडकीत, आणि मग आठही मागांच्या चौकटींवर एकदा तळहात. माग तेव्हा बंद असत, लोखंड थंड असे. कुठं तेल साचलंय, कुठल्या चाकाचा दाता बोथट झालाय, हे ती बोटानं पाही, बोट पदराच्या आतल्या टोकाला पुसे आणि मग जाऊन वह्या उघडी. मागावरची माणसं सुरुवातीला हसत. मुनीमबाई मशिनीच्या पाया पडते, असं म्हणत. तिचं म्हणणं साधं होतं. वर्षअखेरीला या यंत्रांची झीज मला लिहावी लागते. जे लिहायचं ते आधी हाताला कळलं पाहिजे.

कारखाना उल्हासनगरला होता, कॅम्पातल्या एका जुन्या लष्करी बराकीत. तिथं फिती विणत. कंदिलाच्या वाती, परकराच्या नाड्या, पिशव्यांचे पट्टे. फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरकडून आलेल्या सत्तावीस जणांनी पैसे घालून ती कंपनी काढली होती. सगळे एकाच रांगेतल्या बराकींत राहणारे. कारभार टेकचंद रामचंदाणी पाही. उंच, घाईचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर बोटं वाजवणारा माणूस. कुंदाआत्याला तो 'अदी' म्हणे, म्हणजे ताई.

आत्या बदलापूरच्या दिनानाथ जयवंतांची धाकटी मुलगी. ते माझे आजोबा. ते अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात सामानाचं कोठार सांभाळत. ती अठ्ठेचाळीस साली मॅट्रिक झाली, कल्याणला जाऊन हिशेबाचा वर्ग केला, आणि दोन वर्षं मोरिवलीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये हजेरीपट लिहीत बसली. बावन्न साली टेकचंदला मुनीम हवा होता. त्यानं तिच्यापुढं बेरजांचं एक पान टाकलं. त्यात एक चूक मुद्दाम घातलेली होती. आत्यानं दोन दाखवल्या.

"एक मी घातली होती," टेकचंद म्हणाला. "दुसरी कुठली?"

"ती तुमची स्वतःची आहे."

त्यानं ती बेरीज पुन्हा करून पाहिली आणि उद्यापासून ये म्हणाला.

त्या कंपनीची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं ऐकली नाही. वर्षाचे हिशेब छापून कुणाला पाठवत नसत. भागीदारांपैकी काही सिंधी वाचणारे, काही गुरुमुखी, काहींना अक्षरच नाही. इंग्रजी जेमतेम चौघांना. म्हणून वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, बराकीच्या ओट्यावर चादरी अंथरून सगळे बसत आणि हिशेब मोठ्यानं वाचला जाई. एक ओळ वाचली की थांबायचं. बसलेल्यांपैकी कुणीतरी ती ओळ आपल्या शब्दांत परत सांगायची. सांगितली की सगळे 'हा' म्हणत आणि पुढची ओळ येई. कुणालाच सांगता आली नाही, तर ती ओळ मंजूर नाही. गावाकडे पंचांपुढं असंच चालायचं, म्हणे. आत्याला ही रीत फार आवडे. चार वर्षांत तिनं अशा चार बैठका वाचल्या होत्या आणि तेवढ्यासाठी ती मोडकी सिंधीही शिकली होती.

पंचावन्न साली कंपनीनं जुने लाकडी माग काढून आठ नवे माग घेतले. किंमत चाळीस हजार. ते आले त्या दिवशी अख्खी बराक कामधंदा सोडून बघायला उभी होती. आत्या घरी येऊन दोन दिवस दुसरं काही बोलली नाही. तासाला किती हात फीत निघते, दोरा तुटला की माग आपणहून कसा थांबतो, हे आजीला भाकऱ्या थापताना ऐकावं लागलं.

आणि मग छप्पन्नच्या एप्रिलमध्ये, वर्षाचे हिशेब बांधताना, तिला ती गोष्ट सापडली.

कंपनीच्या वहीत मागांची झीज दहा वर्षांत सारखी वाटली होती. दरसाल चार हजार. पण सरकारी कराच्या हिशेबात रीत वेगळी. तिथं नव्या यंत्राची झीज पहिल्या वर्षी जास्त धरतात आणि मग ती वर्षागणिक कमी होत जाते. पहिल्या वर्षी आठ हजार, दुसऱ्या वर्षी सहा हजार चारशे, असं उतरत. आत्यानं दोन रकाने आखले. एकावर 'घर' लिहिलं, दुसऱ्यावर 'सरकार'. दहा वर्षांचे आकडे खाली खाली मांडत गेली. रविवारची दुपार होती. माझे वडील, तिचा मोठा भाऊ श्रीपाद, जेवत होते. ती कागद घेऊन त्यांच्या ताटाजवळच बसली.

"दादा, हे बघ. माग मोडीत काढीपर्यंत दोन्ही रकाने एकाच बेरजेला येतात. चाळीस हजार इकडे, चाळीस हजार तिकडे."

"मग भांडण कुठंय?"

"वाटेत."

वडील हे पुढं कितीदा तरी सांगत. तिचे डोळे, म्हणत, दिवाळीत पहिला आकाशकंदील लावल्यावर होतात तसे झाले होते. तिनं त्यांना जेवू दिलं नाही. सरकारच्या रकान्यात झीज जास्त, म्हणून तिथं नफा कमी दिसतो, म्हणून या वर्षी कर कमी लागतो. पण तो माफ झालेला नाही. पाचव्या वर्षी सरकारची झीज चार हजारांच्या खाली जाईल, तिथला नफा फुगेल आणि राहिलेला कर तेव्हा भरावा लागेल. म्हणजे आज वाचलेला पैसा आपला नाहीच. तो नुसता पुढं ढकललाय. आज तो नफा म्हणून वाटून टाकला, तर पाचव्या वर्षी जो भागीदार असेल त्याच्या खिशातून तो जाईल.

वडिलांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? कुणी नाही, ती म्हणाली. आकडेच सांगतात.

एवढं मोठं काही हाती लागलं की माणूस त्याच्या प्रेमात पडतं. आत्याही पडली. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हिशेबतपासनिसाकडून कराचा पक्का कागद आला. त्यात दिसत होतं की घरच्या वहीत नफा वीस हजार, आणि सरकारच्या हिशेबात फक्त सहा हजार. फरक चौदा हजारांचा. तिनं तो पाहिला आणि तिला वाटलं, आपण म्हणत होतो त्याहूनही मोठं निघालं. कराचा दर रुपयाला सात आणे. चौदा हजारांवर सहा हजार एकशे पंचवीस रुपये. तिनं ताळेबंदात नवी ओळ लिहिली, 'पुढच्या वर्षांच्या करासाठी राखून', आणि पुढं तो आकडा. एप्रिलमधला तक्ता तिनं पुन्हा मांडला नाही.

टेकचंदनं ओळ पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. या वर्षी कर भरून सतरा हजारांवर नफा उरतो, तो पैन्‌पै वाटायचा, असं त्यानं बराकीत घरोघर सांगून ठेवलं होतं. आठ वर्षं हात पसरलेल्या लोकांना पहिल्यांदा आपल्या धंद्याचा पैसा मिळणार होता. त्यानं तपासनिसाला विचारून घेतलं. कायदा अशी ओळ मागत नाही, असं उत्तर आलं.

"अदी, तू सरकारची नोकर की माझी?"

"तुमचीच. म्हणून तर पाचव्या वर्षाची काळजी करते."

तो चिडून हसला. मग म्हणाला, ठीक आहे, बैठकीत वाच. कुणी ती ओळ परत सांगून दाखवली तर राहील. नाही सांगितली तर तिथल्या तिथं खोडायची, आणि खोडणार नसलीस तर सोमवारपासून मी दुसरा मुनीम बघतो. ही ओळ त्या ओट्यावर कुणाला सांगता येणार नाही याची त्याला पक्की खात्री होती. खरं तर आत्यालाही थोडी तीच भीती होती.

पण तिला खरं छळत होती ती ईश्वरीबाई.

ईश्वरीबाई कारखान्यातच फितींची बंडलं बांधी. विधवा, चाळिशीची, दोन मुली. सोनं विकून तिनं कंपनीत दोन हजार घातले होते. पन्नास हजारांच्या भांडवलात दोन हजार, म्हणजे पंचविसावा वाटा. दुपारचा डबा ती आणि आत्या एकत्र खात. ती ज्या दोन खोल्यांत राहत होती त्या तिच्या नावावर व्हायच्या होत्या, आणि त्यासाठी पंधरा ऑक्टोबरच्या आत सहाशे रुपये भरायचे होते. नाही भरले तर खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. टेकचंदच्या शब्दाप्रमाणे तिच्या वाट्याला सहाशे पंच्याण्णव येत होते. आत्याच्या ओळीनंतर साडेचारशे.

आत्यानं तिला आठवडाभर आधीच सांगून टाकलं. बैठकीत कानावर पडण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. दीडशे रुपये दादाकडून उसने आणून देते, असंही म्हणाली. ईश्वरीबाईनं भाजीत पोळी बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"उधार का घर नहीं चाहिए, कुंदा," ती म्हणाली. मग तीन दिवस ती डबा घेऊन दुसऱ्या खिडकीत बसली.

सप्टेंबरच्या त्या रविवारी ओटा भरून गेला. लहान मुलांना हाकलून दोनदा परत आत घ्यावं लागलं. आत्या निळ्या काठाचं पातळ नेसून गेली होती, वही मांडीवर. पहिल्या ओळी भराभर गेल्या. सूत खरेदी, वीज, पगार. 'किरकोळ खर्च' वाचल्यावर भोजराज नावाचे एक म्हातारे भागीदार म्हणाले, म्हणजे टेकचंदचा चहा आणि त्याच्या मेव्हण्याची बिस्किटं. सगळा ओटा 'हा' म्हणाला, टेकचंदचा मेव्हणाही म्हणाला.

मग कराचा हिशेब. ती एकेक रक्कम वाचत गेली. घरच्या वहीत मागांची झीज चार हजार. सरकारच्या हिशेबात झीज आठ हजार, आणि शिवाय नवं यंत्र घेतलं म्हणून किमतीच्या पाव हिश्शाची सूट, दहा हजार. म्हणून सरकारच्या हिशेबात नफा सहा हजार. त्यावर कर दोन हजार सहाशे पंचवीस. ते भोजराजांनीच परत सांगितलं, बोटांवर मोजत.

आणि मग तिची ओळ. ती तिनं दोनदा वाचली.

तिनं समजावलं. हिंदीत, मग मोडक्या सिंधीत. यंत्राची किंमत एकच. झीज कशीही वाटा, चाळीस हजारांच्या वर जाणार नाही. आज जास्त धरली की उद्या कमी उरते. आज कर वाचला तो उद्या भरायचाय. माणसं माना हलवत होती, पण परत सांगायला कुणी तोंड उघडेना. एकानं सुरुवात केली आणि मध्येच अडकला. दुसरा म्हणाला, सरकारला पुढं लाच द्यायची आहे. हशा झाला. टेकचंद भिंतीला टेकून बसला होता. त्यानं खिशातून पेन्सिल काढून आत्यापुढं सरकवली, ओळ खोडायला.

बायकांच्या बाजूनं ईश्वरीबाई उठून उभी राहिली.

ती आत्याकडे न बघता बोलायला लागली. कॅम्पात आलो तेव्हा रेशनची साखर होती ना, ती म्हणाली. महिन्याचा कोटा कार्डावर लिहिलेला. पहिल्या आठवड्यात जास्त उचलली तर चौथ्या आठवड्यात दुकानदार कमी देई. साखर वाढली नाही, नुसती आधी आली. शहाणी बाई काय करायची? पहिल्या आठवड्यात आलेली सगळी चहात घालायची नाही, डब्यात थोडी ठेवायची. यंत्राची झीज म्हणजे तो कोटा.

ओट्यावरच्या बायका आधी 'हा' म्हणाल्या, मग पुरुष. आत्या सांगायची की तिनं वही घट्ट धरून ठेवली होती. तिची ओळ परत आली होती, तिच्यापेक्षा चांगल्या शब्दांत, आणि ती त्या बाईच्या तोंडून, जिचं घर त्या ओळीनं जाणार होतं.

पण ईश्वरीबाई खाली बसली नाही.

"लेकिन वो सूटवाला दस हजार," ती म्हणाली. "दिवाळीला सरकार कार्डावर साखर वरून देत होतं. ती पुढच्या महिन्यात कधी कापली नाही. हे दहा हजार कोट्यातले आहेत, की वरचे?"

कुंदाआत्यानं वहीत पाहिलं. मग एप्रिलचा तक्ता काढला, जो घडी करून मागच्या पानात ठेवला होता. सरकारचा रकाना चाळीस हजारांवर संपत होता. त्यात ही सूट घातली तर तो पन्नास होतो. चाळीस हजारांच्या यंत्राला पन्नास हजार. म्हणजे सूट झिजेतली नव्हती. ती वरून मिळाली होती, आणि कुठल्याही पुढच्या वर्षी ती कुणी परत मागणार नव्हतं. दोन्ही फरक चौदा हजारांच्या एका आकड्यात बसून आले होते आणि तिनं दोघांना एकच समजून राखून ठेवलं होतं. जो फरक परत येतो तोही, आणि जो कधीच येणार नाही तोही.

वडील म्हणत, दुसरी कुणी असती तर तिथं खाली बघितलं असतं. ती हसली. अगदी मोठ्यानं हसली, असं तिथं असलेल्या सगळ्यांनी सांगितलं आहे. तिनं टेकचंदची पेन्सिल उचलली.

"ईश्वरीबाई बरोबर आहेत. माझं चुकलंय."

टेकचंद पुढं सरकला. "मग खोड ती ओळ."

"खोडत नाही. लहान करते."

आणि तिनं सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पुन्हा हिशेब केला. परत येणारा फरक फक्त झिजेचा, आठातून चार गेले चार हजार. त्यावर सात आण्यांनी एक हजार सातशे पन्नास. एवढंच राखायचं. बाकीचे चार हजार तीनशे पंचाहत्तर खरोखर आपले, ते वाटायला मोकळे. भोजराज तिच्यापाठोपाठ बेरजा पुटपुटत होते आणि प्रत्येक बेरीज जुळली की मांडीवर थाप मारत होते.

टेकचंदनं अजून एक प्रयत्न केला. जी बाई सहा हजार चुकीचे लिहिते तिचे पावणेदोन हजार तरी बरोबर कशावरून? सगळीच ओळ काढा, ठरल्याप्रमाणे पूर्ण वाटा, ईश्वरीबाईलाही सत्तर रुपये जास्त येतील. तो हे गोड बोलून सांगत होता, आणि काही माना हलायलाही लागल्या होत्या.

"टेकचंद," ईश्वरीबाई म्हणाली, "ओळ मी परत सांगितली ना? उचललेली साखर उचललेलीच असते. राहू दे."

रीत रीतच होती. टेकचंदनं हात वर केले, सगळ्या ओट्यानं 'हा' म्हटलं, आणि आत्यानं सोमवारी नेहमीच्या वेळी कामावर जायचं ठरलं. उठताना टेकचंद तिच्या खांद्याजवळ बोटं वाजवून म्हणाला, "अदी, पुढच्या वर्षी चूक करायची असेल तर आधी मला दाखव, ती पकडल्याचं नाव तरी मला मिळेल."

ईश्वरीबाईच्या हाती सहाशे पंचवीस आले. बारा ऑक्टोबरला तिनं सहाशे भरले आणि पावती आत्याला दाखवायला ती धावतच कारखान्यात आली. तिला धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं पावतीवरचं नाव तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दुपारी दोघी पुन्हा एका खिडकीत बसल्या.

दोन रकान्यांचा तक्ता आत्यानं नंतर जाड कागदावर नीट काढला आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. दरसाल फरक बदले, ओळ थोडी मोठी होई, आणि बैठकीत ती परत सांगायचं काम न ठरवता ईश्वरीबाईकडे गेलं. लोक त्या ओळीला साखर म्हणूनच ओळखू लागले. 'पुढच्या वर्षांच्या करासाठी राखून' असं कुणी म्हणेना. डब्यातली साखर किती झाली, असंच विचारत.

एकोणसाठ साली आत्याचं लग्न नाशिकला ठरलं. तिला तेव्हा एकोणतिसावं चालू होतं, आणि बदलापुरात या वयाची फार चर्चा झाली. नोकरी सोडताना तिनं नव्या मुनिमाला चार दिवस शेजारी बसवून घेतलं. पुढच्याच वर्षी सरकारची झीज खरोखर चार हजारांच्या खाली गेली, कर वाढला, आणि त्या माणसानं तक्त्याप्रमाणे राखलेल्यातून पहिली रक्कम काढली. ते कळवणारं पत्र नाशिकला गेलं. आत्यानं ते शेजारपाजारच्या चार बायकांना वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण ती इतकी खूश का, म्हणून त्याही हसल्या.

ईश्वरीबाईला मी दोनदा भेटले, तिच्या त्याच खोल्यांत. आत्या तिथं शेवटची आली ती नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवायला. त्यानंतर दोघींची भेट झाली नाही. मी विचारलं, निघताना काय म्हणाली? काही मोठं म्हणाली असेल असं मला वाटलं होतं. ईश्वरीबाईनं आठवायला वेळ घेतला नाही. जेवण झालं होतं, दोघी दारात उभ्या होत्या, रडायचं की नाही हे दोघींचंही ठरत नव्हतं, आणि आतल्या मोरीत नळ खरखरला. आत्यानं एक पाय चपलेत घातलेला होता. ती तशीच वळली आणि म्हणाली,

"ईश्वरीबाई, आधी बादली लावा, पाणी आलं."